परटाची वही

कोल्हापूर शहराबाहेर जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर गांधीनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या वळिवड्याच्या माळावर पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती. १९४३ ते १९४८ ती तिथं नांदली. पोलिश मंडळी गेली आणि फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबं त्या जागी राहायला आली. त्यांतल्या अनेकांनी कापडाचा धंदा मांडला. आज कोकणातला, गोव्यातला, बेळगावकडचा दुकानदार घाऊक मालासाठी गांधीनगरला येतो, आणि कोल्हापूरकर बस्त्यासाठी टेम्पो करून जातो. इचलकरंजी तर विणणाऱ्यांचंच गाव. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसवला. शहरात शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली शाहू मिल होती. महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी या बाजारपेठांविषयी तर बोलायलाच नको. थोडक्यात, कापडाचा दुष्काळ या मुलखाला ठाऊक नाही.

तरीही लग्नाचं बोलावणं आलं की ठासून भरलेल्या कपाटासमोर उभं राहून घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: घालायला काही नाही. हे वाक्य खोटं नसतं. कपाट भरलेलं असूनही घालण्याजोगं काही नसणं शक्य आहे, आणि ते का होतं हे कळेपर्यंत पुढची खरेदी करू नये, एवढंच या प्रकरणाचं म्हणणं.

कपाटाचा आढावा घ्या म्हटलं की बहुतेक जण सगळे कपडे पलंगावर ओततात. दोन तास मोजदाद होते, आठवणी निघतात, ‘ही मामीनं दिलेली’ असं होतं, आणि संध्याकाळी सगळं पुन्हा आत जातं. मोजणी झाली, कळलं काहीच नाही. कपाटात काय आहे यापेक्षा कपाटातून काय बाहेर येतं, हे पाहायला हवं. त्यासाठी आपल्याकडे एक जुनं साधन होतं: परटाची वही.

घरोघरी परीट कपडे न्यायला यायचा तेव्हाची ही गोष्ट. घरातली एखादी शाळकरी मुलगी पेन्सिल घेऊन बसायची आणि लिहायची: धोतरं ४, सदरे ६, लुगडी ३, चादरी २. आठवड्यानं कपडे परत आले की त्याच ओळींवर टिका. कुणाचा कपडा कुणाकडे जाऊ नये म्हणून परीट कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करायचा. हिशेब चोरीच्या आणि घोळाच्या भीतीनं ठेवला जाई, पण नकळत त्या वहीत घराचा खरा पेहराव उतरलेला असे. पेटीच्या तळाला असलेला शालू वहीत कधी यायचा नाही. बाह्या विरलेला सदरा दर आठवड्याला यायचा.

तीच वही महिनाभर पुन्हा सुरू करावी. वेगळी वही नको. दूध किती घेतलं ते आपण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितोच, तिथंच दोरीवरून काढलेले कपडे लिहावेत. ‘नि. कु.’ म्हणजे निळा कुर्ता, ‘का. पँ.’ म्हणजे काळी पँट. साड्या रोज धुतल्या जात नाहीत, म्हणून त्यांची सोय निराळी: नेसून झालेल्या साडीच्या घडीत तारखेची चिठ्ठी. हँगरवरच्या कपड्यांसाठी सगळे हँगर उलटे टांगायचे आणि वापरलेला कपडा परत ठेवताना हँगर सुलट करायचा. महिन्याअखेरी जे उलटे राहिले ते राहिले.

महिनाभरानं चित्र बहुधा असं निघतं: दहा-बारा कपडे आलटून पालटून धुण्यात, बाकीचे सगळे प्रेक्षक. हे काही आपल्या गबाळेपणाचं लक्षण नव्हे. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेनं २०२२ साली पाहणी केली तेव्हा तिथल्या प्रौढ माणसाकडे सरासरी ११८ कपडे निघाले, आणि त्यांतल्या साधारण पाव हिश्श्याला वर्षभरात अंगच लागलं नव्हतं. हाच तो देश, जिथं १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, माणशी वर्षाला ६६ कूपनं मिळायची आणि पुरुषाच्या सुटाला त्यांतली २६ जायची. कूपनं मोजून देताना कुणालाही आपल्याकडे नेमकं काय आहे ते पाठ असणार.

आता न वापरलेल्या ढिगाकडे वळू. इथं घाई करायची नाही. एकेक कपडा हातात घेऊन एकच प्रश्न: हा बाहेर का आला नाही?

साड्यांचं उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. साडी आवडत नाही म्हणून पडून आहे असं क्वचित असतं. ब्लाउज होत नाही म्हणून ती पडून असते. किंवा ब्लाउज पीस अजून साडीलाच जोडलेला आहे, फॉल-पिको राहिलंय, त्या रंगाचा परकर नाही, आहे त्याची नाडी आत गेली आहे. साडेपाच मीटरचं सुंदर कापड ऐंशी सेंटिमीटर कापडासाठी अडलेलं असतं. अशा बाईला नव्या साडीची गरज नसते. तिला शिंप्याकडे एक चक्कर आणि दोन परकर हवे असतात. पण दुकानाच्या पायरीवर ‘परकर दाखवा’ म्हणत शिरलेलं माणूस साडी घेऊन बाहेर पडतं.

जुन्या ब्लाउजचं काय करता येईल हे त्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. चांगला शिंपी बाजूच्या शिलाईत माया सोडतो. एक-दीड इंच माया असेल तर ब्लाउज उसवून सैल करता येतो. मुंढ्यात काचत असेल तर मात्र काम अवघड, तिथं नवा शिवणंच बरं. नवा शिवताना सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी भिजवून वाळवून द्यावं. नुसतं कापड भिजवलं आणि अस्तर तसंच राहिलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं, आणि दोष शिंप्याच्या माथी जातो.

दुसरं मोठं उत्तर आहेर. पाश्चात्त्य पुस्तकं कपाट आवरायला शिकवतात तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतात, की कपाटातला प्रत्येक कपडा मालकानं स्वतः विकत घेतला आहे. आपल्याकडे हे गृहीतच कोसळतं. लग्न, वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत. प्रत्येक मांडवातून एखादी साडी, शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोपी घरात येते. यांतल्या काही साड्या कुणी नेसण्यासाठी घेतलेल्याच नसतात. मानपानाच्या साड्या म्हणून त्या घेतल्या जातात, मानपानातच दिल्या जातात, आणि प्लॅस्टिकची पिशवी न फाडता वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरतात. हसण्यासारखं आहे, पण या फिरत्या साड्यांना कपाटात निराळा कप्पा द्यावा आणि प्रत्येकीवर कुणाकडून आली त्याची चिठ्ठी लावावी. नाहीतर काकूंची साडी काकूंनाच जायची! आपला खरा संग्रह मोजताना त्या धरायच्याच नाहीत. मात्र पुढच्या लग्नाच्या बस्त्याला निघण्याआधी पहिला तोच कप्पा उघडायचा.

या बाबतीत अंबाबाईचं देवस्थान आपल्यापेक्षा व्यवहारी आहे. देवीला भाविकांकडून साड्या येतच राहतात, नवरात्रात तिरुमला तिरुपती देवस्थानाकडून मानाचा शालू येतो. आलेलं सगळं कोंडून ठेवायचं म्हटलं तर महाद्वारापर्यंत गठ्ठे लागतील. म्हणून वाहिलेल्या साड्या प्रसाद म्हणून भाविकांना विकत मिळतात, मानाचा शालू लिलावात जातो. येणं आणि जाणं या दोन्ही वाटा तिथं उघड्या आहेत. आपल्या कपाटाला बहुधा एकच दार असतं, आत येण्याचं.

पुरुषांनी इथं गालात हसू नये. कोल्हापुरी पुरुषाचं कपाट उघडलं तर गणेशोत्सवातले मंडळाचे टी-शर्ट सालवार निघतात. पेठेतला असेल तर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी, मित्राच्या लग्नात सगळ्यांनी एकसारखा शिवलेला कुर्ता, पाच-सहा फिके निळे चौकडीचे शर्ट. शर्ट प्रत्येक वेळी वेगळा वाटला म्हणून घेतलेला. वहीत महिनाभर ‘नि. चौ.’, ‘नि. चौ.’ असं उमटू लागलं की मग कळतं. आवड ठरलेली असणं वाईट नाही, पण सातवा निळा चौकडी घेण्याआधी सहावा फाटलाय का ते पाहावं.

तिसरं उत्तर ‘ठेवणीतलं आहे’. चांगला कपडा जपून ठेवायचा, कधीतरी घालायचा. या सवयीमागे गरिबीची शहाणी आठवण आहे. घरात एकच ट्रंक, बाकी कपडे दांडीवर. नेसायची दोन लुगडी, सणाचं एक. मधोमध विरलेलं लुगडं फाडून, विरलेला भाग काढून, दंड घालून बायका ते पुन्हा नेसायच्या. अशा घरात ठेवणीतलं इरकल खरोखर दहा-दहा वर्षं पुरवून वापरावं लागे. पण आज ठेवणीतले कपडेच नेहमीच्या कपड्यांपेक्षा जास्त झालेत, आणि जपण्यानं ते टिकतातच असंही नाही. रेशीम घडीवर चिरतं, जर काळवंडते, दमट कपाटात कसर लागते. डांबरगोळी थेट जरीला लागून ठेवली तर डाग पडतात ते निराळंच. अशा साड्या मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात आणि वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी. सावलीत हवा द्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे नेसावी.

वापरामागे किंमत किती पडली, हा हिशेब अलीकडे बराच सांगितला जातो. ₹७०० चा कुर्ता साठ वेळा घातला तर एका वेळेला बारा रुपयेही पडत नाहीत. ₹६,००० ची साडी तीनदा नेसली तर दोन हजार पडतात. रोजच्या कपड्यांना हा हिशेब जरूर लावावा. त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते, की पैसे जिथं रोज झिजतात तिथं, म्हणजे अंतर्वस्त्रं, चप्पल, ऑफिसची पँट यांवर, आपण कंजुषी करतो आणि वर्षातून एका संध्याकाळच्या कपड्यावर हात सैल सोडतो. पण लग्नाच्या शालूला हे गणित लावणारा माणूस शहाणा असेल, भला असेलच असं नाही. काही कपडे वापरण्यासाठी नसतात, ते असण्यासाठी असतात. असे किती ठेवायचे हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते एक कप्पा पुरे.

याच कारणानं परदेशी आकड्यांचे नियम मला आपल्याकडे फारसे पटत नाहीत. अमेरिकेत कोर्टनी कार्व्हर यांनी २०१० साली तीन महिने फक्त ३३ वस्तूंवर, तेही चपला-दागिने धरून, राहण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो जगभर गेला. त्यामागची शिस्त चांगली. पण ज्या तीन महिन्यांत गौरी-गणपती, नवरात्र आणि दिवाळी येते, त्यांत हळदीकुंकवाला नेसायचं, ऑफिसला घालायचं आणि कुणाच्या दिवसकार्याला साधं पांढरट काही लागतं तेही त्या ३३ मध्ये बसवायचं म्हणजे कसरत. त्यात वर्तमानपत्रांनी रुजवलेले नवरात्राचे नऊ रंग. वर्षभर नको वाटणारा राखाडी रंग एका दिवसासाठी म्हणून घरात येतो आणि दुसऱ्या दिवसापासून निवृत्त होतो. ऑफिसातल्या चार मैत्रिणींनी आपापसांत ओढण्या आणि साड्या फिरवल्या तर नऊ रंग बिनखर्चात होतात, आणि अनेक ऑफिसांतून बायका ते करतातच.

मग रोजचे कपडे किती असावेत? याचं उत्तर कोल्हापुरात दोरीवर मिळतं. एप्रिलमध्ये सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी कडक होतो. जुलैमध्ये सुती जीन्स तीन दिवस लोंबकळते आणि तरी खिशाशी ओलसर लागते. गगनबावड्याकडे तर पावसाळ्यात वाळलेला कपडा ही चैनच. हे धाग्याच्या गुणानं होतं. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. भिजल्यावर कापसाच्या तंतूच्या आत पाणी शिरतं, पॉलिस्टरच्या ते धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं आणि चटकन निघून जातं. कापसाचा हा गुण मे महिन्यात घाम टिपतो म्हणून सुखाचा, आणि जुलैत तोच अडचणीचा.

तेव्हा हिशेब असा करावा: किती दिवसांनी धुणं लावता, त्यात वाळायला लागणारे दिवस मिळवायचे, वर दोन जोड अडीअडचणीला. रोज धुणाऱ्याला उन्हाळ्यात चार जोड पुरतात. आठवड्यातून दोनदा मशीन लावणाऱ्याला पावसाळ्यात आठ-नऊ लागतील. म्हणजे पावसाळ्यासाठी लवकर वाळणारे दोन-तीन कपडे जादा घेणं हा उधळेपणा नाही, आणि ऐन पावसात लागलेल्या आषाढ सेलमधून चौथी जाड जीन्स आणणं हा आहे. त्या महिन्यांत लग्नं नसतात, दुकानं रिकामी असतात, म्हणून सवलत मिळते. सवलतीत ज्या वस्तूची यादीत गरज लिहिली आहे तीच घेतली तर दुकानदाराचंही भलं आणि आपलंही. उलट कोल्हापुरातली थंडी इनमिन दोन महिन्यांची, तीही पहाटेची. स्वेटर माणशी एक, फार तर दोन.

यादी लिहिताना नुसतं ‘कुर्ता’ लिहू नये. समजा राजारामपुरीत राहून बँकेत जाणारी एखादी बाई आहे. महिनाभराच्या नोंदीतून तिला दिसलं, की ऑफिसला ती पाच कुर्ते घालते, त्यांतले तीन एकाच काळ्या लेगिंगवर जातात आणि ती लेगिंग धुण्यात असली की तिन्ही अडतात. तिच्या यादीत पहिली ओळ नव्या कुर्त्याची नसेल; ‘काळी लेगिंग, आणखी एक’ अशी असेल. दुसरी ‘मोरपंखी साडीचा ब्लाउज सैल करणे’. तिसरी ‘क्रीम रंगाचा परकर, सुती’. तिन्ही मिळून जेवढा खर्च होईल तेवढ्यात महाद्वार रोडवर बरी साडीही येत नाही, आणि अडकलेले चार-पाच कपडे एकदम चालते होतात. घाऊक बाजारात जायचं असेल तर ही यादी अधिकच लागते. तिथं भाव इतका उतरलेला असतो की ‘अर्धा डझन घेऊनच टाकू’ असं होतं, आणि मग एकाच छापाचे गाऊन घरातल्या तीन पिढ्या घालतात.

सोबत एक टेप न्यावी. जो शर्ट किंवा कुर्ता वहीत सर्वांत जास्त वेळा आलाय त्याची छाती, खांदा, उंची सपाट अंथरून मोजून लिहून न्यावी. कंपन्यांचे एम आणि एल एकमेकांशी जुळत नाहीत, टेप जुळते. नवा कपडा हातात आला की उलटा करून शिलाई पाहावी, माया आहे का पाहावं, बटण ओढून पाहावं, आणि घरातल्या निदान तीन कपड्यांशी तो जातो का ते मनात लावून पाहावं. तीन आठवले नाहीत तर तो कपडा एकटा येत नाही, आपल्याबरोबर आणखी दोन खरेद्या घेऊन येतो.

नको असलेल्यांची वाट लावायची ती शेवटी. बोहारीण आता पूर्वीइतकी दारावर येत नाही. आली तर चार साड्यांवर एक पातेलं, त्यातही घासाघीस. सुती लुगड्यांची वाकळ शिवून घेणारी घरं खेड्यांत अजून आहेत. विरलेलं मऊ कापड थरांवर थर लावून धाव दोऱ्यानं शिवलं की पुढं वर्षानुवर्षं अंगाखाली-अंगावर राहतं. सिंथेटिक साडीच्या वाकळेला तो मऊपणा येत नाही, घामही टिपला जात नाही. खरेदीच्या वेळी कापडाच्या या उत्तरायुष्याचा विचार करायला हरकत नाही. दिवाळीच्या सुमारास ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते, तिथं धुतलेले, बटणं शाबूत असलेले कपडे द्यावेत. २०१९ च्या महापुरात पंचगंगा गल्ल्यांत शिरली तेव्हा बाहेरून मदतीचा पूर आला, आणि त्यात फाटके, मळके कपडे इतके आले की जुने कपडे पाठवू नका असं सांगायची वेळ आली. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांना पहिल्या दिवशी नवी अंतर्वस्त्रं, गाऊन, टॉवेल हवे होते. आपला अडगळीचा ढीग दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याला दान म्हणत नाहीत.

हे सगळं करायला वर्षातला एक काळ जणू राखूनच ठेवलेला आहे: पितृपंधरवडा. त्या दिवसांत नवीन कपडे घेत नाहीत, त्यामुळे हात आपोआप आवरलेला असतो. पावसाची उघडीप मिळू लागते, कपाटातला दमटपणा घालवायला ऊन येतं. वही त्याआधीच्या महिन्याची, म्हणजे गणपतीतली असली तर सणाचे आणि रोजचे दोन्ही कपडे तीत आलेले असतात. यादी पंधरवड्यातच पुरी करावी आणि ब्लाउजांचा गठ्ठा अमावास्येच्या आत शिंप्याकडे पोचवावा. घटस्थापना झाली की शिंप्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि जी तारीख मिळते ती तुळशीच्या लग्नानंतरची.